नळीखालचा तांबडा ठसा

शनिवार, १४ सप्टेंबर १९६३. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माइस्टर रॉयटर यांनी माझी नळी लाकडी दस्त्यापासून वेगळी केली. दहा पंचविसाला त्यांना नळीच्या पोटाखाली एक तांबडा डाग दिसला. दहा सव्वीसला तो डाग त्यांनी बारीक तारेच्या चोथ्याने घासून फडक्याने पुसून टाकला. मला घडवणाऱ्याची माझ्या अंगावर असलेली ती एकमेव खूण होती.

मित्रांनो, मी ठासणीची एक लांब बंदूक आहे. माझी घडण जुनी, वय मात्र अवघे एक वर्ष. तोंडाकडून दारू आणि गोळी भरायची, गजाने ठासायची, मग चकमकीची ठिणगी पाडून बार उडवायचा, असे माझे काम. माझ्यासारख्या बंदुका शंभर-दोनशे वर्षांपूर्वी होत असत. आता हौसेने, हाताने, एखादीच होते. मला कोणी केले, हे मला पक्के ठाऊक आहे. ते सांगायला मला तोंड आहे, पण त्या तोंडातून फक्त गोळी बाहेर पडते.

माझा जन्म जर्मनीत, र्युसेल्सहाइमजवळच्या एका खेड्यात, हेर वायगांड यांच्या तळघरात झाला. हेर वायगांड परवानाधारक बंदूककार होते. १९५९ पासून त्यांचे हात थरथरू लागले आणि त्यांनी काम सोडले. १९६० मध्ये त्यांच्याकडे वरच्या खोलीत दत्तात्रय नावाचा भाडेकरू आला. तो मोटारींच्या कारखान्यात हत्यारे घडवण्याचे शिक्षण घेत होता. त्याचे आजोबा भोरकडे ठासणीच्या बंदुका दुरुस्त करीत. ही गोष्ट एकदा जेवताना निघाली आणि दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने त्याच्या हातात तळघराची किल्ली ठेवली.

"हात तुझे, डोळे माझे," हेर वायगांड म्हणाले. "आल्झो, तर मग चल कामाला."

मला घडवायला चौदा महिने लागले. कारखान्यातून आल्यावर रोज संध्याकाळी दोन तास आणि शनिवारी दुपारभर. नळी एकशे सात सेंटिमीटर. तिच्या आत सात पीळदार खाचा, आणि प्रत्येक खाच छोट्याशा पात्याने शंभराहून अधिक वेळा ओढून कोरलेली. दस्ता शेजारच्या बागेत वाऱ्याने पडलेल्या अक्रोडाचा. दत्तात्रय काम करताना माझ्याशी मराठीत बोलायचा, म्हातारा बाजूच्या स्टुलावर बसून जर्मनमध्ये रागवायचा. मला दोन्ही भाषा अशाच आल्या. काम संपले की दत्तात्रय तळघर झाडून काढायचा आणि लोखंडाच्या किसाची बादली घेऊन वर जायचा. म्हाताऱ्याच्या पत्नीला, फ्राऊ वायगांडना, गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नसे. त्यांना दिसायची ती फक्त बादली.

ऑक्टोबर १९६२ मधल्या एका रविवारी खंडेनवमी होती. त्या दिवशी दत्तात्रयाने कानस उचलली नाही. सगळी हत्यारे पुसून फळीवर मांडली, त्यांना हळदकुंकू वाहिले, आणि मग माझी नळी उलटी करून तिच्या पोटाला कुंकवाचे बोट लावले. हेर वायगांड कुतूहलाने पाहत होते.

"नाव कोर ना," ते म्हणाले. "माइस्टर नाव कोरतो."

"पहिली वस्तू देवाची. आजोबांचा नियम आहे, नाव दुसरीवर घालायचं."

"देवाला बंदूक कशाला हवी?"

"आमच्या देवांकडे पुष्कळ शस्त्रं आहेत, हेर वायगांड. ही एक जास्त."

म्हातारा खो खो हसला. दुसऱ्या दिवशी दत्तात्रयाने त्या ठशावरून तेलाचा हात फिरवला. ठसा तेलाखाली गेला आणि नळी दस्त्यात बसली. नंतर सरकारी चाचणीत मी उत्तीर्ण झाले. नळीवर चाचणीचा शिक्का बसला. तो शिक्का नळी फुटणार नाही एवढेच सांगतो. नोंद झाली ती परवानाधारकाच्या, म्हणजे वायगांडांच्या नावावर.

डिसेंबरात दत्तात्रयाचे शिक्षण संपले आणि तो इंगोलश्टाटला काही महिन्यांच्या मुदतीच्या नोकरीवर गेला. मार्चमध्ये हेर वायगांड हृदयविकाराने गेले. सहा आठवडे मी तळघरात होते. भिंतींना ओल आली. माझ्या चापावर गंजाची पूड धरली. किल्ली वर खिळ्याला टांगलेली मी रोज आठवत असे. एप्रिलमध्ये फ्राऊ वायगांडनी मला गावातल्या नेमबाजी मंडळाला देऊन टाकले.

ऑगस्टच्या स्पर्धेत माइस्टर रॉयटर यांनी मला प्रथम खांद्याला लावले. ते मंडळाचे प्रमुख, माइस्टर म्हणजे उस्ताद कारागीर, आणि गावात त्यांची स्वतःची बंदुकांची कार्यशाळा. पन्नास मीटरवरून दहा गोळ्या. दहाही छिद्रे कॉफीच्या बशीखाली झाकली जात होती. टाळ्या झाल्या. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले. रॉयटर मात्र हसले नाहीत.

"हे वायगांडचं काम नाही," ते सर्वांसमोर म्हणाले. "त्याला कॉफीचा कप धरवत नव्हता. ज्यानं ही केली, त्याला माझ्या कार्यशाळेत उद्यापासून जागा आहे."

त्यांनी फ्राऊ वायगांडनाही विचारले. त्या म्हणाल्या, "तळघरात? भाडेकरू जायचा, हो, पण झाडायला. फार स्वच्छ मुलगा."

दत्तात्रयाची नोकरी ३० सप्टेंबरला संपणार होती. नवी नोकरी नसेल, तर त्याच दिवशी त्याचा राहण्याचा परवानाही संपणार होता. म्हणजे ती जागा आणि तो माणूस एकमेकांना शोधत होते, आणि दोघांना जोडणारा धागा माझ्या पोटाखाली तेलात दडलेला होता.

रॉयटर बंदूक करणाऱ्याला शोधताहेत, ही बातमी मालिनीताईंना लागली. त्या डार्मश्टाटला संशोधन करणाऱ्या यशवंतांच्या पत्नी. यशवंत दत्तात्रयाचा मित्र. मालिनीताई फ्राऊ वायगांडना भेटायला गेल्या होत्या, तेव्हा बोलता बोलता कळले. दत्तात्रयाला शनिवारची पाळी सोडता येत नव्हती, म्हणून यशवंतांनी रॉयटरांना फोन केला. बंदुकीविषयी माहिती आहे, इतकेच सांगितले. वेळ मिळाली शनिवार, सकाळी दहा.

आता पुन्हा १४ सप्टेंबरकडे येते. मी रॉयटरांच्या टेबलावर होते. दार बंद होते. पावणेदहाला बाहेर दोघांची पावले आली आणि बाकडे करकरले. रॉयटरांच्या उजव्या कानाला चाळीस वर्षांच्या बारांमुळे कमी ऐकू येते. मला ऐकू येत होते.

"अहो, दार वाजवायचं का?"

"साहेब आत आहेत. बोलावतील."

"आपण आलोय हे त्यांना कळलं तरी असेल का?"

"मालिनी, वेळ दिलीय त्यांनी. मोठ्या माणसाच्या दारावर थापा मारायच्या का? मी आमच्या प्राचार्यांच्या खोलीबाहेर दोन-दोन तास बसलोय."

"आणि बोलावलं त्यांनी?"

"एकदा बोलावलं. पण त्यांना दुसराच यशवंत हवा होता."

मालिनीताई हसल्या. मी हसू शकले नाही. या देशात दार बंद असले तरी टकटक करायची आणि आत यायचे, असा शिरस्ता आहे. टकटक झाली नाही, म्हणजे कोणी आलेले नाही. रॉयटरांनी दहा, सव्वादहा वाजेपर्यंत घड्याळ पाहिले. मग "येत नाहीत," असे पुटपुटून त्यांनी खूण शोधायला स्वतःच माझे खिळे काढले. नळीच्या पोटाखाली तांबडे काही दिसले की तो गंज, आणि गंज आधी काढायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. बाहेर बाकड्यावर दोघे होते, आत चोथा फिरत होता, आणि दोन्हींच्या मध्ये एक लाकडी फळी होती. माझ्यात दारू भरलेली असती, तरी चाप कोणीतरी ओढावाच लागला असता.

दहा पंचावन्नला रॉयटर कॉफीसाठी पाणी आणायला बाहेर पडले.

"तुम्ही? केव्हापासून?"

"पावणेदहापासून," यशवंत उठून म्हणाले.

"मग टकटक का केली नाही?"

यशवंतांनी दाराकडे पाहिले, मग मालिनीताईंकडे. आत आल्यावर त्यांनी टेबलाकडे न पाहताच सांगितले, "नळीच्या खालच्या बाजूला, मागच्या टोकापासून एक वीत अंतरावर तांबडा ठसा असेल. बोटाचा. माझ्या मित्रानं लावलेला."

 रॉयटरांनी फडके उचलून उघडले. त्यावर तेल होते, काळपट घाण होती आणि एक तांबूस पट्टा होता.

"हे कसलं?"

"कुंकू," मालिनीताई म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या कपाळाकडे बोट केले. "हे."

रॉयटरांनी कपाळाकडे पाहिले, फडक्याकडे पाहिले, पुन्हा कपाळाकडे पाहिले. मग चष्मा काढला.

"डाग त्यानं लावला हे मी मानतो. पण बंदूक त्यानं केली, हे डागावरून कसं मानू? भाडेकरू तयार बंदुकीलाही रंग लावू शकतो. डाग तेलाखाली असता, तर घडवताना लावलेला ठरला असता. तो तेलाखाली होता की वर, हे मी पाहिलंच नाही. चूक माझी आहे."

तेलाखाली होता, मित्रांनो. तेलाखालीच होता.

रॉयटर न्यायी माणूस आहेत. त्यांनी मार्ग सुचवला. दत्तात्रयाने स्वतः यावे आणि त्यांच्यासमोर माझ्या चापासाठी एक खिळा हाताने घडवावा. कानशीचा हात ते ओळखतील. हात जुळला, तर सोमवारी, तीस तारखेला सकाळी, ते नोकरीचे पत्र सही करून देतील. शेवटची संधी रविवार २९ तारखेची, साडेअकरापर्यंत. त्यानंतर ते मागच्या दाराने नेमबाजीच्या मैदानावर जातात आणि तिथून परस्पर परगावी जाऊन रात्री उशिरा परततात.

यशवंतांनी तिथेच टेबलावर पत्र लिहायला घेतले.

"दार वाजवून आत जा, असं लिहा भावजींना," मालिनीताई म्हणाल्या.

"तेवढं कळतं गं दत्तूला."

"तुम्हाला कळलं होतं?"

यशवंतांचे पेन थांबले. पुढे ती ओळ लिहिली गेली की नाही, ते मला दिसले नाही. रॉयटरांनी तेव्हा मला भिंतीवर टांगले होते. माझ्याखाली त्यांनी एक चिठ्ठी लावली: निर्माता अज्ञात. फडके मात्र टाकले नाही. पाकिटात घालून, वर प्रश्नचिन्ह काढून खणात ठेवले.

मित्रांनो, तुमच्या घरात हाताने केलेली एखादी वस्तू असेल, पेटी, पाट, नाहीतर विळी, तर ती कोणी केली ते आजच विचारून घ्या आणि लिहून ठेवा. सांगणारी माणसे असतात तोवरच विचारता येते. आणि वस्तू स्वच्छ करण्याआधी एकदा नीट पाहा. प्रत्येक डाग घाणीचा नसतो. आम्हांला सगळे आठवते, पण आमच्याकडून ते कोणी ऐकू शकत नाही.

आज रविवार, २९ सप्टेंबर. रॉयटर आत आहेत. दार बंद आहे. टेबलावर कानस आणि पोलादाचा एक तुकडा सकाळपासून मांडून ठेवला आहे.

अकरा वाजून आठ मिनिटांनी बाहेर पावले आली. एकाच माणसाची. बाकडे करकरले. एकदा खोकला ऐकू आला. ओळखीचा वाटला, पण खात्री नाही, म्हणून नाव सांगत नाही.

अकरा वीसला रॉयटरांनी टोपी घातली. अकरा पंचविसाला त्यांनी कानस खणात ठेवली.

आता अकरा एकोणतीस. त्यांचा हात मागच्या दाराच्या कडीवर आहे. पुढच्या दारावर अजून टकटक झालेली नाही.