एकाच माइकसमोर

गुरुदत्त तगाऱ्यांना बायकोचं गाणं आवडत नव्हतं, असं कुणी म्हणेल तर ते साफ खोटं. हा माणूस वर्षानुवर्षं तिच्यामागून स्पीकर, स्टँड आणि वायरींची भेंडोळी वाहत निम्मी जर्मनी पालथी घालून आला होता. वोल्फ्सबुर्गच्या गाड्यांच्या कारखान्यात आठवडाभर इंजिनियर आणि शनिवार-रविवार हमाल, असा त्यांचा संसार. फक्त एक खोड होती. कार्यक्रम संपला, सामान डिकीत गेलं, गाडी रस्त्याला लागली की तगारे म्हणायचे, "छान झालं, पण..."

त्या 'पण'च्या पुढे काय येईल याचा नेम नसे. कधी तिसऱ्या गाण्यातला वरचा षड्ज किंचित उतरलेला असायचा, कधी तिचा जोडीदार गायक हाइनर तालात घाई करायचा आणि ही त्याला करू द्यायची. मालविका खिडकीबाहेर बघत धुमसत राहायची. जास्त राग याचा यायचा, की बोलणं नेमकं बरोबर असायचं.

गाणं होतं कंट्रीचं. सांगलीत रीतसर शास्त्रीय शिकलेली मुलगी त्यात कशी शिरली याची कथा सोपी आहे. लग्न होऊन वोल्फ्सबुर्गला आली तेव्हा या गावात संध्याकाळी सहानंतर कुत्रंही भुंकत नसे. खालच्या मजल्यावर हाइनर राहायचा. दक्षिणेकडे डोंगरात वाढलेला, पोटासाठी इकडे आलेला, कारखान्याच्या रंगखात्यातला उंचापुरा गडी. अंगणात गिटार घेऊन बसायचा आणि दोन बिअर पोटात गेल्या की डोंगरातल्या गुराख्यांसारखं गळा उंच फोडून योडेल करायचा. शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. मालविका बाल्कनीत कपडे वाळत घालता घालता त्याच्याबरोबर गायला लागली.

हाइनरने तिला आपल्या वेस्टर्न क्लबात नेलं. तिथली मंडळी आठवडाभर गाड्यांना नट पिळत आणि शनिवारी काउबॉय होत. इरकली साडीतली मालविका स्टेजवर चढली, कुणीतरी आपली हॅट तिच्या डोक्यावर ठेवली, आणि तिने पहिल्याच गाण्यात घोळ घातला. हाइनर जी चाल गात होता तीच चाल, तेच सूर, एका सप्तकाने वर गाऊन ती मोकळी झाली. तिच्या हिशेबी दोघांनी मिळून गायचं म्हणजे एक गायचं. सूर वेगळे झाले तर कुणीतरी चुकलं! हाइनरने गिटार थांबवून सगळ्यांसमोर डोक्याला हात लावला.

"माल्वी, माझीच चाल गायची तर तुझं कामच काय? माझ्या चालीच्या वर तुझी दुसरी चाल हवी. घरावर छप्पर असतं तशी!"

तो वरचा सूर मालविकाने महिनाभरात असा काही घोटला, की पुढे लोक गाणं ऐकायला येत ते त्या छपरासाठी. हाइनर आणि माल्वी ही जोडी उत्तर जर्मनीच्या गावोगावच्या जत्रांत, क्लबांत, रेडिओवर गाजली. केस पिकले, तगारे आणि हाइनर कारखान्यातून निवृत्त झाले, हाइनरचे गुडघे बदलून झाले, तरी जोडी काही फुटली नाही.

मग दोन वर्षांपूर्वी मालविकाच्या गळ्यातली थायरॉईडची गाठ काढली. गाठ साधी निघाली, घरात पेढे वाटले गेले, आणि महिन्याभराने ती गायला बसली तर वरचे सूर जागेवर नव्हते. काळी चारवर लीलया फिरणारा आवाज घसरत घसरत पुरुषांच्या पट्टीत येऊन बसला होता. खाली भरदार, थोडा खरखरीत. वर गेला की फाटायचा. डॉक्टर म्हणाले, मज्जातंतूला धक्का बसलाय, आता हे असंच राहील. ती बाथरूमचा नळ सोडून रडली. तगारे दाराबाहेर उभे होते. त्या दिवशी त्यांना 'छान'ही सुचलं नाही आणि 'पण'ही नाही.

आणि नेमका अशा वेळी हॅनोव्हरच्या एका छोट्या कंपनीने निरोप धाडला, की तुमच्या दोघांचा युगलगीतांचा अल्बम काढायचा आहे. आयुष्यभर दोघांच्या नावावर एकही अख्खा अल्बम नव्हता. इतरांच्या तबकड्यांवर इथे एक गाणं, तिथे एक गाणं. हाइनर नाचायचाच बाकी राहिला. मालविका मात्र "नको" म्हणायला त्याच्याकडे गेली आणि त्याचा चेहरा बघून "हो" म्हणून परत आली.

स्टुडिओ ब्राउनश्वाइगला होता, शतावरीचे कोंब डबाबंद करण्याच्या एका जुन्या कारखान्यात. निर्माती आंके चाळिशीची, मनाने चांगली, कामात चोख. तिने हाइनरला एका काचेच्या खोलीत घातलं आणि मालविकाला दुसऱ्या; तगारे बाहेर बाकावर. बाकीची गाणी खालच्या सुरातली होती, ती कशीबशी पार पडली. अडलं ते शेवटच्या गाण्यावर. 'घरचा रस्ता' हे हाइनरने स्वतः रचलेलं, ट्रक हाकत घरी निघालेल्या माणसाचं गाणं. जोडीची ओळखच ती. त्याच्या धृपदात छप्पर सगळ्यात उंच होतं. मालविका पाच-सहा वेळा त्या सुरावर चढली आणि दर वेळी आवाज चिरफाळला.

"काही हरकत नाही," आंके म्हणाली. "यंत्रात सगळं नीट होतं."

तासाभराने तिने सगळ्यांना बोलावून गाणं लावलं. स्पीकरमधून मालविकाचा आवाज निघाला. स्वच्छ, गुळगुळीत, पंचविशीतला, वर जाऊनही न हलणारा. तिला क्षणभर बरं वाटलं, मग तिने कान देऊन ऐकलं. त्यात तिचा श्वास कुठेच नव्हता.

हाइनरने हॅट मागे सरकवली. "सुंदर गाते," तो म्हणाला. "कोण आहे ही?"

आंकेचा चेहरा उतरला. तिने काही लपवलं नाही. कंपनीला हे गाणं जुन्या रेडिओवरच्यासारखंच हवं होतं, उंच सुरासकट. यंत्रातला आवाज नको असेल तर लाइपझिगची एक तरुण गायिका वरचा सूर गायला तयार होती. "मग या गाण्यावर तुमचं नाव नसेल," आंके हळूच म्हणाली. "मला फार वाईट वाटतंय. पण स्टुडिओ फक्त आजच्या संध्याकाळपर्यंत आपला आहे."

म्हणजे दोनच वाटा. आपल्या नावाने यंत्र गाणार, नाही तर आपल्या जागी दुसरी बाई. ज्या गाण्याने मालविका तगारेची माल्वी झाली त्यातूनच तिची उचलबांगडी! इतका अपमान तिला त्या गाठीनेही केला नव्हता. ती सरळ जेवायच्या टेबलाशी गेली आणि डबा उघडून थालिपिठं वाढायला लागली. हात कामात असले की रडू येत नाही.

हाइनरला थालिपीठ भारी प्रिय. तो त्यावर लोण्याचा एवढा गोळा थापायचा की तगाऱ्यांना आपलं कोलेस्टेरॉल आठवायचं. आज त्याने हात लावला नाही. गिटार मांडीवर घेऊन तो 'घरचा रस्ता' उगाच वाजवत, पुटपुटत बसला. मालविका ताटल्या मांडत होती. गळ्यावर जोर नको म्हणून तीही खालच्या आवाजात, न कळत, त्याच्याबरोबर गुणगुणायला लागली. त्याचीच चाल. त्याचेच सूर.

हाइनर थांबला आणि खो खो हसला. "माल्वी! एवढ्या वर्षांनी परत तीच चूक?"

मालविकाच्या हातातली ताटली हातातच राहिली.

"हाइनर, परत वाजव."

"काय झालं?"

"वाजव रे! गा. धृपद."

तो गायला आणि ती त्याच्या सुरात गायली. त्या पहिल्या दिवशी क्लबात ती एका सप्तकाने वर होती, आता वर नव्हती. गळ्याने खाली उतरून तिला नेमकं हाइनरच्या शेजारी आणून उभं केलं होतं. पुरुषाचा आवाज आणि बाईचा आवाज एकाच सुरावर, मध्ये केसाएवढीही फट नाही. दोघांचा मिळून एक तिसराच आवाज झाला. जुना, खरखरीत, ऊन खाल्लेला. आंके कॉफीचा कप घेऊन दारात खिळून राहिली.

"अहो," मालविका नवऱ्याकडे वळली, "कसं वाटतंय?"

"उभं राहून गा," तगारे घाईघाईने म्हणाले. "आणि त्या काचेच्या पेट्यांत नको. समोरासमोर. श्वास एकत्र घ्यावा लागेल."

"एकाच माइकसमोर," हाइनर म्हणाला. "पूर्वी गायचो तसं."

आंकेने कप खाली ठेवला. "तसं गायलात तर मला नंतर काही म्हणजे काही दुरुस्त करता येणार नाही. दोघांचे आवाज एकात एक मिसळतील. एक चुकला की दोघांचं फुकट."

"आल्झो, तर मग," मालविका पदर खोचत म्हणाली, "चुकायचं नाही."

मोठ्या खोलीच्या मधोमध एक माइक लागला. हाइनर उंच, मालविका बुटकी. तगाऱ्यांनी शतावरीच्या कारखान्याच्या वेळचं एक रिकामं लाकडी खोकं शोधून आणलं आणि बायको त्यावर उभी राहिली. नाकाला नाक लागायचंच बाकी होतं. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती हाइनरच्या डोळ्यांतही दिसली, तेव्हा तिला बरं वाटलं.

पहिलं कडवं एका सुरात गेलं. दुसरंही. ट्रकवाला अंधारात एकेक गाव मागे टाकत निघाला होता आणि त्याच्याबरोबर ही दोघं पाऊल न चुकता चालत होती. धृपद आलं. मालविकाने श्वास भरला, चाल घट्ट धरली, आणि ऐकलं तर हाइनर शेजारी नव्हता.

तो वर गेला होता. डोळे मिटून, मान मागे टाकून, डोंगरातला तो लहानपणचा योडेलचा गळा काढून हाइनर तिचं छप्पर गात होता. तिची प्रत्येक हरकत, प्रत्येक वळण, श्वास घ्यायची जागासुद्धा तिचीच. सत्तरी ओलांडलेल्या त्या गड्याचा आवाज वर जाऊन थरथरला, पण सूर सुटला नाही. मालविकाचे डोळे भरून आले. रडले तर सगळं फुकट, हे तिला ठाऊक होतं. तिने पाय रोवले आणि खालून असा खणखणीत आधार दिला, की काचा हलल्या. आता घर ती होती. वर जायचं तेवढं जा बाबा, मी आहे खाली!

शेवटचा सूर विरला.

"तुला कधीपासून येतं हे?" मालविकाने विचारलं.

"इतकी वर्षं कानाशी गातेस," हाइनर कपाळ पुसत म्हणाला. "पाठ होणारच."

आंकेने कानावरचे हेडफोन काढून ठेवले होते. तिने तिथूनच कंपनीला फोन लावून गाणं ऐकवलं. पलीकडच्या माणसाने ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग त्याने विचारलं, अल्बमचं नाव 'घरचा रस्ता' ठेवलं तर चालेल का?

जूनमधल्या एका रविवारी दुपारी ब्राउनश्वाइगच्या सभागृहात अल्बम बाहेर आला. मुखपृष्ठावर दोन्ही नावं सारख्याच अक्षरांत. अख्खा क्लब हॅटा-बुटांसकट हजर होता, महाराष्ट्र मंडळातल्या बायका पहिली रांग अडवून बसल्या होत्या. स्टेजवर एकच माइक आणि एक खोकं. धृपदात हाइनर वर गेला, मालविका खाली गरजली, आणि लोक उठून लाकडी फरशीवर बूट आपटायला लागले. मंडळातल्या बायकांनी चपला आपटल्या. तेच गाणं परत गायला लावलं आणि परत उठले. आपला फाटका गळा इतक्या लोकांना उभं करू शकतो, हे मालविका दोन्ही हातांनी हॅट धरून बघत राहिली.

सामान डिकीत गेलं. गाडी वोल्फ्सबुर्गच्या रस्त्याला लागली. बाहेर लख्ख ऊन होतं आणि शेतांतल्या पवनचक्क्या सावकाश फिरत होत्या.

"छान झालं," तगारे म्हणाले.

मालविका वाट बघत राहिली. एक पूल गेला. पेट्रोल पंप गेला. कारखान्याच्या चिमण्या दिसायला लागल्या.

"पण?" तिने शेवटी विचारलं.

"पण काय?"

"पुढचं बोला की. दर वेळी बोलता."

तगाऱ्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. हनुवटी मात्र जरा हलली. "पुढचं काही नाही," ते म्हणाले.

मालविकाने हॅट काढून मांडीवर ठेवली.

"अहो," ती म्हणाली, "परत एकदा म्हणा."

"छान झालं."