ढब्याची जागा

मेंढपाळीण पिल्लू घेऊन आली तेव्हा सुतार बायकोचा कोट घालून शेळीचं दूध काढत होता. बायको जाऊन पाच महिने झाले होते. तिच्या नऊ शेळ्या परक्या हाताला आचळ लावू देत नसत, लाथ मारून भांडं पालथं करत. कोट दिसला की मात्र मुकाट उभ्या राहत. बाह्या त्याच्या कोपरापर्यंतच पोचत होत्या.

"झोकात दिसतोस की सुतारा."

"हसून घ्या मावशी. पण याच्याशिवाय या बयांचं पान हलत नाही."

कोल्ह्याने लागोपाठ दोन करडं नेल्यावर त्यानेच मेंढपाळिणीकडे राखणीच्या कुत्र्याचं पिल्लू मागितलं होतं. पांढरं, पोट जमिनीला टेकलेलं, पंजे अंगापेक्षा मोठे. त्याने बघताक्षणी नाव ठेवलं, ढब्या.

"नीट ऐक," मेंढपाळीण म्हणाली. "गोठ्याच्या कोपऱ्यात जाळी लावून दे. शेळ्या बाहेरून हुंगतील, पण तुडवणार नाहीत. खाणं तिथंच, झोपणं तिथंच. आठवडाभर रडेल, रडू दे. घरात घेतलंस तर तो तुझा होईल, शेळ्यांचा नाही. तीन महिन्यांनी येते. जमलं नसेल तर परत नेईन. माझी पिल्लं सोफ्यावर लोळायला नसतात."

"माझ्याकडे सोफा नाही."

"तू आहेस ना."

जाळी त्याने झकास बसवली, तो तर त्याचा धंदाच होता. दोन दिवस मनही घट्ट केलं. तिसऱ्या संध्याकाळी तो जेवायला बसला आणि गोठ्यातून रडणं सुरू झालं. घर इतकं गप्प होतं की त्याला स्वतःचं चावणं ऐकू येत होतं. तो उठला आणि पिल्लू आत घेऊन आला. जेवण होईपर्यंतच, असं स्वतःला सांगून. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी त्याने ताट रिकामं केलं. पिल्लू परत नेऊन ठेवायचं काही झालं नाही.

मग ते रोजचंच झालं. ढब्या पलंगाच्या बायकोच्या बाजूला जमिनीवर झोपायचा. सुतार त्याला बिजागऱ्यांपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगायचा. एकदा लेकीचा फोन उचलतानाही त्याचं बोलणं चालूच होतं.

"बाबा, कुणाशी बोलत होतात?"

"रेडिओ लागलाय."

"रेडिओला 'खाली उतर, लबाडा' म्हणत होतात?"

दुसरा महिना सरता सरता, एका भर दुपारी, शेळ्या घरामागच्या उतारावर चरत होत्या. ढब्याने त्यांच्यात असायला हवं होतं. पण रंध्याचा आवाज ऐकून तो पळत आला आणि भुशात लोळू लागला. सुताराला बरंच वाटलं. तो त्याचा कान खाजवत असतानाच शेळ्यांचा कालवा उठला.

दोघेही धावले. माणूस बघून कोल्ह्याने तोंडातला पाय सोडला आणि पळ काढला. करडू वाचलं, पण मागचा पाय फाटला होता. कळपातली म्हातारी शेळी त्याच्यापुढे डोकं खाली घालून उभी राहिली होती, शिंगं ढब्यावर रोखून. तिच्या लेखी तोही आणखी एक कोल्हाच होता.

पायाला पट्टी बांधताना सुतार म्हणाला, "तुझी चूक नाही रे." ढब्याने शेपूट हलवलं. ते बघून त्याला जास्तच वाईट वाटलं.

एक महिना उरला होता. मेंढपाळीण पिल्लू घेऊन गेली की घर पुन्हा तसंच गप्प होणार, आणि करडंही जाणार. ढब्या माझ्याजवळ राहतो, तर मीच गोठ्यात जातो, असं त्याने ठरवलं आणि अंथरूण उचललं. चार-पाच दिवस तो जाळीत ढब्याशेजारी झोपला. मग जाळीबाहेर. मग गोठ्याच्या दारात. कुरवाळणं बंद. ढब्या आता पुरेसा मोठा झाला होता, म्हणून जाळीही काढली. खेळता खेळता त्याने करडांमागे धावू नये म्हणून लाकडाचं छोटं लोढणं गळ्यात अडकवलं. धावला की ते गुडघ्यांवर आपटायचं. सुताराने त्याच्या कडा घासून गोल केल्या होत्या, लागू नये म्हणून. तेवढा लाड राहिलाच.

म्हातारी मात्र त्याला अजून जवळ येऊ देईना. शेवटी सुताराने अंगातला कोट काढला आणि ढब्याच्या जागेवर अंथरला. म्हातारी आली. तिने कोट खूप वेळ हुंगला, मग ढब्याला हुंगलं, मग गुडघे दुमडून तिथेच बसली. सुतार सदऱ्यावर दारात उभा होता. कोट परत घ्यावा असं त्याला फार वाटलं. तो वळून घरात गेला.

दुसऱ्या सकाळी भांडं दोनदा पालथं झालं.

त्या संध्याकाळी ढब्या लोढण्यासकट दाराशी आला. कण्हला, पंज्याने दार खरवडू लागला. आतल्या बाजूला कडीवर हात ठेवून सुतार म्हणाला, "मी घरात नाही." म्हटल्यावर त्याचं त्यालाच ते खुळ्यासारखं वाटलं. तेवढ्यात गोठ्यातून लंगडं करडू ओरडलं. खरवडणं थांबलं. लोढण्याचा टकटक आवाज लांब गेला.

मेंढपाळीण ठरल्या दिवशी आली. शेळ्या उतारावर होत्या, ढब्या त्यांच्या मधोमध. लोढणं निघालं होतं.

"हाक मार त्याला," ती म्हणाली. "मला दाखवायला नको. घरात मारायचास तशी मार."

"घरात कधी?"

"सुतारा, मी काय आज जन्मले?"

खालच्या आवाजात हाक मारून भागवता आलं असतं. पण त्याने ती तशी मारली नाही. जेवायला बसताना मारायचा तशी, अगदी पोटातून मारली. "ढब्याऽऽ, ये रे!"

ढब्या उठला. कान उभे झाले. दहा-बारा पावलं पळत आला. मागे लंगडं करडू ओरडलं. ढब्या थांबला. त्याने सुताराकडे पाहिलं, शेपूट एकदा हलवलं आणि परत जाऊन करडाशेजारी बसला.

हाक मारताना पुढे केलेला हात सुताराने खिशात घातला.

"काय झालं रे?" मेंढपाळिणीने विचारलं.

"काही नाही. आला नाही तो."

"म्हणूनच ठेवून जातेय."