कापलेले समास

बाइंडरला मालिका बघवत नसत. तरी संध्याकाळी साडेसात वाजले की टीव्ही लावायचा आणि शिव्या घालत बसायचं, हा त्याचा नेम. "अहो बाई, किती रडाल? चार भाग झाले, अजून त्याच दारात उभ्या!" बघायचं कारण एकच, मालिकेचे संवाद त्याची लेक लिहायची. पोटची पोर लिहिते म्हटल्यावर सोडवतही नव्हतं. कौतुकाचा शब्द मात्र त्याने तिला आजवर दिला नव्हता.

दिवसा तो जुन्या कादंबऱ्या वाचायचा. लग्नाच्या नवलाईत दोघांनी मिळून वाचलेल्या अकरा कादंबऱ्या. नंतर बाइंडिंगचं दुकान वाढलं आणि त्याने परत कधी पुस्तक उघडलं नाही. बायको मात्र तीच तीच वाचत राहिली. ती जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हा कुठे यांना सवड झाली! ज्या नायकापायी तेव्हा रात्री जागवल्या, तो आता नुसता बावळट वाटत होता. पण त्याला गोष्ट नकोच होती. त्याला हवा होता समास.

बायको पेन्सिल घेऊन वाचायची आणि मनातलं समासात लिहायची. आता तिथे अर्धीच वाक्यं उरली होती, कारण बाकीची यानेच कापली होती. तिच्या पन्नाशीला भेट म्हणून त्याने खिळखिळी पुस्तकं दुकानात नेली. नवी शिलाई, नवे पुठ्ठे, आणि शिरस्त्याप्रमाणे तिन्ही बाजूंनी कटिंग. वाकडी कड त्याच्या दुकानातून कधी बाहेर पडली नव्हती. बायकोने पानं चाळली, "छान झालंय" म्हणाली, आणि त्यानंतर पुस्तकाला पेन्सिल लावली नाही. याला वाटलं, बाईला शिस्त लागली. गाढवाला गुळाची चव काय!

आज सकाळीच एका पानावर दिसलं होतं, 'यांना घरातली प्रत्येक वस्तू सरळ लागते, मी तेवढी'. पुढे कागद संपला. मी तेवढी काय? दिवसभर तो त्याच्यावरच अडला होता.

आणि साडेसातला पडद्यावरची म्हातारी भांडी विसळता विसळता म्हणाली, "यांना घरातली प्रत्येक वस्तू सरळ लागते. मी तेवढी वाकडी उरले."

तो ताडकन उठला. टीव्ही बंद करून त्याने लेकीला फोन लावला.

"हे वाक्य तुला कुठे मिळालं?"

"आईचं आहे, बाबा. तुम्ही पुस्तकं बांधायला नेणार होतात ना, त्याच्या आदल्या दिवशी मी सगळं वहीत उतरवून घेतलं. तुमचं मशीन मला माहीत होतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले होते. समासात आईचं अक्षर आहे, कापू नका म्हटलं. तुम्ही म्हणालात, पेन्सिलीचंच आहे ना, जाऊ दे."

त्याला काही आठवेना. पण आवाज आपलाच वाटला. त्याला स्वतःची चीड आली, आणि लेकीची त्याहून जास्त.

"घरातली धुणी जगापुढे वाळत घालतेस, लाज नाही वाटत?"

"घरात कोण वाचत होतं?" ती म्हणाली.

मग त्याने सगळ्यांत जुनी कादंबरी ओढली आणि शेवटचं पान काढलं. "एवढं एक सांग. इथे लिहिलंय, 'यांनी एकदा तरी'. पुढे काय?"

फोनमध्ये वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग लेक एका सुरात वाचत गेली, "यांनी एकदा तरी हे पुस्तक परत उघडावं, म्हणून इथे लिहिते. तोंडाने सांगितलं तर ऐकत नाहीत."

त्याने पुस्तक मिटलं.

"हेही घालणार का मालिकेत?" त्याने विचारलं.

"नाही. घातलं होतं, पण काढायला लावलं. चॅनलवाले म्हणाले, नवरा बाइंडर, पुस्तकाचं पान न् पान त्याच्या हातून गेलं आणि त्याने तिची एकही ओळ वाचली नाही, हे लोकांना पटणार नाही."