आठ फुटी फ्लेक्सवरचा चेहरा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक फ्लेक्स डोळ्यांसमोर आणा. अख्ख्या घराच्या दर्शनी भिंतीएवढा, आणि त्यावर तुमच्याच ताईचा हसरा चेहरा. दिसला? आता त्या चेहऱ्याला नाक नाही असं समजा. नाकाच्या जागी चार तपकिरी चौकोन.

फिलिपाइन्समधल्या सामार बेटावरच्या बासाय गावात, छपाईच्या दुकानात उभी राहून निंग संगणकाच्या पडद्यावर नेमकं हेच बघत होती. तिची मानांग, म्हणजे थोरली बहीण, रोसेल, नर्सिंगची परीक्षा पास होऊन दुपारच्या बसने घरी येत होती. बासायमध्ये कुणी अशी परीक्षा पास झालं की घरावर फ्लेक्स लागतोच. समोरच्या घरच्या मुलाचा तर अजून उतरला नव्हता. मानांग दारात यायच्या आत आपलाही लागावा, एवढंच निंगला हवं होतं.

"अजून मोठा कर!" तियो बर्टिंग, म्हणजे तिचा मामा, ओरडला. फोटो त्यानेच काढला होता.

"जितका मोठा करावा तितका फुटतोय," दुकानवाली जोसी वैतागली.

"फुटतो कसा? चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे माझा! तुझं मशीनच भिकार."

"आणि तुम्ही फोटो काढलात कुठून? होडीतून?"

निंगने पूर्ण फोटो उघडायला लावला. कॉलेजची इमारत, झेंडा, भरपूर आभाळ, पायऱ्यांवर पांढऱ्या पोशाखातल्या मुलींचा घोळका. त्यात मागे कुठेतरी तांदळाच्या दाण्याएवढी रोसेल.

"इमारत नको यायला?" तियो म्हणाला. "लोकांना कळणार कसं, कुठलं कॉलेज ते!"

निंगला रडूच यायला लागलं. ती मटकन खालच्या चटईवर बसली. चटई टिकोग गवताची होती, तिची आई विणते तसलीच. तिने विणीवरून बोट फिरवलं आणि एकदम वर बघितलं.

"तियो, आई हातपंख्यावर थोड्याशा काड्यांत फूल विणते ना? तेवढ्याच काड्यांत चटईभर फूल विणायचं म्हटलं तर?"

"काडी हाताएवढी रुंद लागेल. फूल कसलं, जिना दिसेल जिना."

"मग हे तसंच झालंय. मेगापिक्सेल म्हणजे फोटोच्या काड्याच, बारीक ठिपके. तुमच्या कॅमेऱ्याच्या सगळ्या ठिपक्यांतले अर्धे आभाळाने खाल्ले, उरलेले इमारतीने. मानांगच्या तोंडाला आले चिमूटभर. जोसी नवे ठिपके आणणार कुठून? आहेत तेच ताणतेय बिचारी."

तियोने मान खाजवली. "लांबून कुणाला कळतंय?"

"लांबून थोडं खपतं," जोसी म्हणाली, "पण एवढं नाही. असलं छापलं तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल."

"मग फ्लेक्सच नको! बस आली बघ कोपऱ्यावर," तियो चिडून खुर्चीत आदळला.

हॉर्न निंगलाही ऐकू आला. मानांगच्या आधी फ्लेक्स लागणं आता शक्यच नव्हतं; पण उशिरा का होईना, नाकासकट तरी लागला असता. तिने ओठ चावला, तियोच्या गळ्यातला कॅमेरा ओढून घेतला आणि थांब्याकडे धूम ठोकली.

रोसेल पिशव्या सांभाळत उतरत होती. "अगं निंग, थांब! तोंड तरी धुऊ दे मला!"

निंग पुढे सरकली, आणखी पुढे, चौकटीतून बस गेली, आभाळ गेलं, फक्त मानांगचा घामेजलेला, हसरा चेहरा उरला. मग तिने बटण दाबलं.