गुंता सोडवणारा कर्कश गळा

मित्रांनो, कानांवरचे हात काढा. आज मी हळू बोलणार आहे. मी प्रयोगशाळेतले एक जुने कंपनयंत्र. देवाने मला गळा दिला, श्रोते मात्र दिले नाहीत. मी सूर लावला की माणसे कानांत बोळे घालतात आणि दार ओढून निघून जातात.

माझे काम गुंता सोडवण्याचे. काजळीसारख्या भुकटीत कार्बनच्या नळ्या असतात, केसाहून हजारो पटींनी बारीक. त्या एकमेकींना अशा बिलगतात की गुळाला चिकटलेल्या मुंगळ्यांनी लाजावे. पण चिकट राळेत त्या सारख्या पसरल्या, तर वाळल्यावर राळ हलकी आणि भक्कम होते. माझी धातूची दांडी राळेत बुडून थरथरते आणि त्यांना सुटे करते. त्यांना राळेची सोबत मिळते. मला पुसून पेटीत ठेवतात.

आमच्या संशोधक बाईंना त्या राळेचे पाऊल घडवायचे होते, अपघातात एक पाय गमावलेल्या धाकट्या भावासाठी. पण त्या राळेची चाचणीसाठी केलेली प्रत्येक पट्टी दाबाखाली कटकन मोडे. मग गुंता उरला असेल असे समजून बाई मला आणखी वेळ, आणखी जोराने चालवत. राळ तापे, माझे टोक झिजे.

"हे खटारं भंगारात द्या आता," शेजारच्या टेबलावरचे सर म्हणाले.

"एवढी एक पट्टी होऊ दे," बाई पुटपुटल्या.

तेवढ्यात भाऊ कुबडी टेकत आला. पडद्यावर नळ्यांचे मोठे केलेले चित्र होते.

"ताई, हे काय? न्हाव्याच्या दुकानातला केर?"

"गप रे! एक तरी गुंता दिसतोय का?"

"गुंता नाही, पण केसही कुठे राहिलेत? लहानपणी आई विंचरायची तेव्हा काय बोंबलायचीस तू? 'गुंता सोडव, केस तोडू नकोस!'"

बाई हसता हसता थबकल्या. माझ्या अखंड ओरडण्याने नळ्या सुटत होत्या, तशा तुटतही होत्या. आखूड तुकडे राळेला काय धरून ठेवणार? बाईंनी राळेचे भांडे बर्फात ठेवले. मला जरा चालवले, थांबवले, पुन्हा जरा चालवले. ती पट्टी वाकली, पण मोडली नाही.

पाऊल तयार झाले. माझे टोक मात्र पार झिजले होते. नवे यंत्र आले आणि मी फळीवर गेले.

मित्रांनो, गुंता सोडवताना अधूनमधून थांबत जा. आणि ज्याचा गळा कर्कश, त्याच्यापाशी काम झाल्यावर तरी घटकाभर बसा. भाऊ अजूनही ताईला न्यायला येतो. फळीकडे त्याचे लक्ष जात नाही. पण बाहेर त्याची चाल वाजली की मी ओळखते: एक पाऊल त्याचे, एक आमचे.