मागून येणारी टकटक

बायको गेल्यापासून घरगाडी, आत ओटा आणि बिछाना असलेली, दारात नुसती उभी होती. आता कुठे म्हाताऱ्याने ती बाहेर काढायचं मनावर घेतलं, तर खड्डा आला की मागून टक, टक. मुलीने निक्षून सांगितलं, "आवाज सापडला नाही, तर गाडी विकायची. एकट्याला असल्या गाडीतून मी जाऊ देणार नाही."

विकून जायचं कुठे? घरातली एकेक खोली त्याला खायला उठत होती.

चाकांना ठोकळे लावून तो पाना आणि बॅटरी घेऊन गाडीखाली सरपटला. मुलगी मागच्या दाराला धरून गाडी हलवत होती.

"जोर लाव गं! पाळणा नाही तो!"

"खाली पडून हुकूम सोडायला बरं जमतं!"

त्याने एकेक नट पान्याने आवळून पाहिला. चाकांवरच्या कमानपाट्यांचे नट घट्ट होते. उजवा शॉकअब्सॉर्बरही ठीक. डाव्याच्या खालच्या बोल्टवर हात गेला आणि तिथेच थांबला. नटच नव्हता. बोल्ट निम्मा बाहेर आलेला, नुसत्या गंजाच्या भरवशावर अडकलेला.

"सापडलं!" म्हणून त्याने मान उचलली आणि कपाळ दाणकन लोखंडावर आपटलं.

नवा बोल्ट, वायसर, लॉकनट आणून बसवला. शेवटचा पीळ मुलीने दिला. मग दोघं गाडी घेऊन गतिरोधकावरून गेले.

टक.

त्याचं तोंड एवढंसं झालं. मुलगी उठून मागे गेली. "परत घ्या बघू."

परत टक. तिने ओट्याखालचं कपाट उघडलं आणि खो खो हसत सुटली. "बाबा, पातेल्यावरचं झाकण वाजतंय! आई भांड्यांच्या मध्ये फडकं घालायची."

"मला कधी बोलली नाही ती."

"तुम्ही कधी भांडी लावलीत?"

त्याने गाडी कडेला घेतली. झाकण वाजलं नसतं, तर तो गाडीखाली गेलाच नसता, आणि बोल्ट कुठल्यातरी उतारावर गळून पडला असता. या विचाराने आधी तो घाबरला. मग छातीवरचा धोंडा उतरावा तसं हायसं वाटलं, आणि तोही हसायला लागला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने बाहीला पुसलं.

"मग, विकायची का?" त्याने विचारलं.

"काही नको. पण पहिल्या खेपेला मी येणार. तुमच्याने भांडी लावून होणार नाहीत."