पट्टीखालची शालन

“प्रसेनजीत, उतर खाली! आदी तुजी पट्टी काढ, मग वायरी जोडत बस!”

प्रसेनजीत खांबाला शिडी लावून वर केबल ओढत होता आणि खाली दादासो कांबळे कमरेवर हात ठेवून उभे होते. दादासोंचा आवाज मुळात लहान नव्हताच, त्यात उमेदीची सगळी वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत गेली. तिथल्या धडधडाटात शेजारच्याला हाक मारायची तरी ओरडावं लागे. पुढे दादासो निवृत्त झाले, आवाज काही झाला नाही. घरात बायकोकडे चहा मागितला तरी अख्ख्या सिद्धार्थनगराला कळायचं की दादासोंना चहा पाहिजे.

“कसली पट्टी, दादा?” प्रसेनजीतनं वरूनच विचारलं.

“टीव्हीवर खाली पळती ती! साडीची! म्हैन्याच्या म्हैन्याला पैसं घेतोस न्हवं आमच्याकडनं? दूरदर्शन फुकाट हाय, त्येनं जाहिरात दावली तर मी चकार शब्द बोलत न्हाय. पर पैसं भरून जाहिरात का म्हणून बगायची आमी?”

हे भांडण प्रसेनजीतला नवं नव्हतं. दादासो वसुलीच्या दिवशी ते न चुकता काढायचे आणि प्रसेनजीतचं उत्तरही ठरलेलं होतं.

“तुमच्या पैशात नुसती वायर येती दादा. पिक्चर पट्टीवर चालतो.”

एरवी यावर दादासो एखादी कचकचीत शिवी हासडून घरी जात. आज गेले नाहीत. त्यांनी शिडीचा दांडा धरला आणि आवाज जमेल तेवढा खाली आणून म्हणाले,

“पट्टीखाली शालन हाय रं.”

प्रसेनजीत मुकाट्यानं खाली उतरला.

सिद्धार्थनगरात तेव्हा एक रीतच पडून गेली होती. कुणाच्या घरी लग्न झालं आणि त्याची कॅसेट गाणीबिणी घालून तयार होऊन आली, की घरच्यांच्याही आधी ती प्रसेनजीतच्या केबल ऑफिसात जायची. टीव्हीचं बटण दाबलं की पहिल्यांदा प्रसेनजीतचंच चॅनल लागायचं. दुपारच्या पिक्चरऐवजी तो त्यावर लग्न लावून द्यायचा. मग घरोघरी ताटं पुढ्यात घेऊन माणसं बसत. कुणी कुठली साडी नेसली, कोण कुणाशी बोललं नाही, कुणाची जिलेबी संपता संपत नव्हती, सगळ्याचा हिशेब होई. जो दिसला नाही तो रुसून बसे.

गल्लीतल्या बायडाबाईच्या अतुलचं लग्न वैशाखात झालं. दादासो आणि त्यांची बायको शालन, दोघंही लग्नाला होते. पण व्हिडिओवाला कॅसेटवर अंडी उबवत बसला, ती दिली दिवाळीच्या तोंडावर. मधल्या श्रावणात तापाचं निमित्त झालं आणि शालन गेली.

मागे राहिला तो एक फोटो. मतदार ओळखपत्रावरून मोठा करून भिंतीला लावलेला. सरकारी माणसानं “हलू नका” म्हणून दरडावल्यावर शालन जी घाबरली ती फोटोत कायमची घाबरलेलीच राहिली. पोलिसांनी संशयावरून पकडून आणलेली बाई दिसावी तशी. दादासो त्या फोटोकडे फारसं बघत नसत. ही आपली बायको नव्हे, असं त्यांचं मत होतं, आणि ते खरंही होतं. शालन आयुष्यात कुणाला घाबरली नव्हती, दादासोंना तर नाहीच.

आणि काल दुपारी दादासो भाकरी खात असताना टीव्हीवर अतुलचं लग्न लागलं होतं. व्हिडिओवाल्यानं कॅमेरा मांडवाकडे फिरवला. मागे खुर्च्यांवर पाहुणे, पुढे सतरंजीवर बायका. सतरंजीवरची ओळ पडद्याच्या अगदी तळाला आली आणि तिच्यावरून पट्टी पळत होती : ‘अवंतिका साडी सेंटर, राजारामपुरी. दिवाळीनिमित्त भव्य सेल. इरकल, पैठणी, कॉटन.’ पट्टीच्या वर नुसती डोकी. त्यातलं एक डोकं पदर सारखा करायला मानेला झटका देऊन हललं. ज्या डोक्याला जन्मभर तेल चोपडताना बघितलं, ते डोकं माणूस चुकत नाही.

दादासोंनी ताट बाजूला सारलं. गुडघ्यांवर टीव्हीजवळ गेले, मान जमिनीला लावली आणि पडद्याखालून वर, पट्टीच्या आत बघू लागले. दारावरचा पडदा जमिनीपासून वर असला म्हणजे आतल्या माणसाचे पाय बघावेत तसे.

“मामा, तसं न्हवं दिसत वो,” सून संघप्रिया म्हणाली.

“म्हाईत हाय मला,” दादासो म्हणाले आणि तसेच बघत राहिले. तोवर कॅमेरा दुसरीकडे गेला होता.

हे सगळं ऐकून घेतल्यावर प्रसेनजीतनं हातातली पकड खिशात घातली.

“दादा, माज्या हातात असतं तर आत्ता काढली असती. दिवाळीपतोर सगळ्या दुपारी त्या धवलशेठनं घेतल्यात. येवढी मोटी जाहिरात दुसरी न्हाय माज्याकडं. आनि परवा कॅसेट गगनबावड्याला जानार, अतुलच्या सासरवाडीला. त्यास्नी बी बगायचं हाय.” मग त्याला सुचलं. “असं करा, हापिसात या. मशीन तितनं हालत न्हाय, पर बिनपट्टीची लावतो, तुमी एकटं बसून बगा.”

“तुज्या हापिसात?” दादासो उखडले. “त्या वायरींच्या ढिगाऱ्यात ती कशाला यील? घरात दाव. तिच्या घरात.”

प्रसेनजीतनं मग धवलशेठच्या दुकानाचा पत्ता सांगितला. तो सांगायचीही गरज नव्हती, पट्टीनं गावभर पाठ करून घेतला होता.

अवंतिका साडी सेंटरात दादासो चपला काढून पांढऱ्या गादीवर टेकले. धवलशेठ तरणा, गोड बोलणारा. गल्ल्याजवळ त्याची आई, जिला सगळं दुकान अक्का म्हणायचं, ती शेंगा सोलत बसली होती.

“या पावणं! काय दाखवू? इरकल दाखवू?”

“साडी नगं. तुमच्या पट्टीखाली माजी बायकू हाय. ती दाखवा.”

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. धवलनं घाईनं पाणी मागवलं. दादासोंनी आपल्या आवाजात सगळं सांगितलं, म्हणजे समोरच्या रिक्षा स्टँडलाही ते कळलं.

“काका, वाईट वाटतंय ऐकून,” धवल म्हणाला. “पण बघा, ऐन सेलात पट्टी बंद कशी करायची? आणि रोज पिक्चरवर चालतीच की. कोण काय म्हणत न्हाय.”

“पिक्चरातली बाई मला उद्या बी दिसल, परवा बी दिसल. ही दिसायची न्हाय.”

शेंगा सोलता सोलता अक्का म्हणाली, “एवढं कशाला अडून बसायचं? पट्टी वर घ्या की. खालचं मोकळं हुईल.”

धवलचा चेहरा खुलला. “बरोबर! वर घेऊ या. काका, झालं तुमचं काम.”

दादासोही क्षणभर खूश झाले. पण लगेच त्यांनी मान हलवली.

“वर न्हाय चालायची.”

“का?”

“वर बुद्धाचा आनि बाबासाहेबांचा फोटू हाय. त्येंच्या म्होरंच लगीन लागतंय आमच्यात. त्येंच्या तोंडावरनं इरकल-पैठणी पळवायची? शालन खाली तशीच ऱ्हाऊ द्या मग. तिला बी ते आवडायचं न्हाय.”

“मधी घेतली तर?” धवलनं हळूच विचारलं.

“मधी नवरा-नवरी हायत.”

दुकानात कुणीतरी हसलं. दादासो हसले नाहीत. आपण आपल्याच हातानं जमलेलं काम मोडलं हे त्यांना कळत होतं. त्यांनी धोतराचा सोगा आवरला आणि उठायला लागले. तेव्हा अक्कानं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

“धवल, त्या लग्नात तुज्या पट्टीला बसायला जागाच न्हाय बघ. बिनबोलावता मांडवात घुसलास तर उभंच ऱ्हावं लागतंय. काढून टाक. एका दुपारीनं दुकान बसत न्हाय. तुजं बाबा गेल्यापासनं तो माणूस चालताना कसा दिसायचा ते आठवायला मला डोळं मिटून बसावं लागतंय. ह्येंचं माणूस समोर दिसतंय, तर दिसू दे.”

धवलनं फोन ओढला.

“प्रसेनजीत, उद्या दुपारी तीच कॅसेट परत लाव. पट्टी नको. व्हय, पुरी बंद. अरे, मीच सांगतोय न्हवं?”

दादासोंना आभार मानता येत नसत. फौंड्रीत ती पद्धत नव्हती. सुनेला घ्या म्हणून अक्कानं एक हिरवी साडी पुढे केली, ती त्यांनी संघप्रियेसाठी निमूट घेतली. ज्या जाहिरातीला महिनोन्‌महिने शिव्या घातल्या तिनं शेवटी दादासोंच्याच गळ्यात साडी मारली.

दुसऱ्या दिवशी दादासोंनी अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला. खुर्ची टीव्हीसमोर ओढली. बातमी सगळ्या गल्लीला कळलेली, त्यामुळे घराघरांत तेच लग्न लागलं होतं आणि घराघरांतून तेच गाणं ऐकू येत होतं. व्हिडिओवाल्यानं माणसांचे आवाज पुसून वर सिनेमाची गाणी चढवली होती. शालनचा आवाज काही मिळणार नव्हता. दादासोंनी तो हट्ट धरला नाही.

त्रिशरण झालं, पंचशील झालं, फुलं पडली. कॅमेरा मांडवाकडे वळला.

शालन बसली होती. बौद्ध लग्नाच्या रीतीचं पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, हातात आहेराचं पाकीट. अजिबात घाबरलेली नव्हती. उलट कुणावर तरी चिडलेली होती, आणि ती चिडलेली किती चांगली दिसते हे दादासोंना आज कळलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. पुसण्यात वेळ गेला असता.

तिच्या शेजारी सतरंजीवर एका माणसाची जागा मोकळी होती. एक बाई तिथं टेकायला आली, शालननं हातानं तिला पुढे जायला सांगितलं. दुसरी आली. शालननं त्या जागेवर पाकीट ठेवलं आणि मान उंच करून मांडवाच्या दाराकडे बघितलं. परत बघितलं.

“आत्ती कुणासाटनं जागा धरून बसल्यात वो?” संघप्रियेनं विचारलं.

बायडाबाईनं त्या दिवशी दादासोंना आणि शालनला जोडीनं पुढे बसायला सांगितलं होतं. शालननं बोलवायला माणूसही धाडला होता. दादासो त्या वेळी मांडवामागे चुलाण्यापाशी उभे राहून, जाळ कसा धरावा यावर आचाऱ्याशी वाद घालत होते. उभी हयात भट्टीपाशी काढलेला माणूस, जाळ दिसल्यावर त्याला लग्न कुठं दिसतंय. “आलोच म्हणून सांग जा,” ते म्हणाले होते, आणि मग जेवायची वेळ झाली होती. शालन त्यावर एक शब्द बोलली नव्हती. घरी येऊनही नाही.

पडद्यावर तिनं पाकीट उचलून परत तिथंच ठेवलं.

दादासो खुर्चीतून उठले. गुडघे धरत, भिंतीचा आधार घेत, ज्या अंगाला ती जागा होती त्या अंगाला टीव्हीला लागून खाली मांडी घालून बसले.

“आलो बग,” ते म्हणाले.

तोवर पडद्यावर आहेराची भांडी दिसायला लागली होती.